गासच्या वाडीतले चार ट्रान्सफॉर्मर

१

चोरी जमिनीवरून कुणालाच दिसली नाही. ती दिसली आभाळातून.

ईस्टरचं जेवण अजून पचलं नव्हतं. बुधवारी सकाळी वसई रोडच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर जेनिफरनं संगणक उघडला, उपग्रहानं आदल्या दिवशी टिपलेला गास गावाचा फोटो मोठा केला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. गेल्या आठवड्यापर्यंत जिथं चार राखाडी चौकोन होते, तिथं आता नुसती खडी होती. चौकोन म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, एकेक घराएवढा. असला एक जागचा हलवायचा तर मोठी क्रेन लागते, ढीगभर चाकांचा ट्रेलर लागतो, रस्ता मोकळा करायला पोलीस लागतात. इथं चार गेले होते आणि गावात कुणाची झोपसुद्धा मोडली नव्हती.

गासला एक डेटा सेंटर व्हायचं होतं. डेटा सेंटर म्हणजे तुमचे-आमचे फोटो, व्हिडिओ आणि नको ते सगळं साठवायचं कोठार. त्याला माणसं फारशी लागत नाहीत. वीज लागते, पाणी लागतं आणि कुणाची तरी जमीन लागते. बँका अशा बांधकामांत पैसा ओततात, पण बँकवाल्यांना उन्हात यायचं नसतं. मग ते जेनिफरच्या कंपनीकडून अंदाज विकत घेतात. सावलीच्या लांबीवरून इमारत किती चढली, निळ्या ताडपत्र्यांवरून मजूर किती राहतात, मातीच्या रंगावरून खोदकाम कुठवर आलं, हे सगळं दर आठवड्याच्या फोटोवरून मोजून जेनिफर सांगायची की हे काम वेळेत होईल, ते रखडेल.

गासबद्दल तिनं वर्षभर एकच सांगितलं होतं: रखडणार. असल्या ट्रान्सफॉर्मरसाठी जगभर रांग लागली आहे, आज मागवले तर येईपर्यंत तान्ही पोरं शाळेत जायला लागतात. पण फेब्रुवारी सरता सरता फोटोत चार उभे दिसले आणि जेनिफर तोंडावर आपटली. साहेबानं तिला सगळ्यांसमोर झापलं. आता ते चारही गायब झाल्यावर तिनं बांधणाऱ्या कंपनीला विचारलं. दोन तास उत्तर नाही. मग एका ओळीचं आलं: चोरीला गेले.

चोरीचा दावा येताच विमा कंपनीनं एका बाईला फोन लावला. क्लेमेंटीन तिचं नाव. साठीला टेकलेली, लग्न न केलेली, जन्मभर जळालेली गोदामं आणि न बुडालेल्या बोटींचे खोटे दावे उकरून काढलेली. जिभेला धार. "कागद काय, छापून मिळतात. मला जागा दाखवा," असं म्हणून तिनं पत्ता विचारला.

पत्ता ऐकला, पण तो लिहून घ्यायची तिला गरज पडली नाही. कारण त्या वाडीतल्या बावखलात ती पोहायला शिकली होती.

२

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आजोबा-पणजोबांनी हातानं खणलेलं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, काठावर रहाट फिरायचा, डोळ्यांवर झापड बांधलेला रेडा गोल गोल चालायचा आणि पाणी पाटानं केळीला, केळीखालच्या पानवेलीला, तिथून फुलांच्या ताटव्याला जायचं. क्लेमेंटीनला त्या पाटात पाय सोडून बसलेलं आठवत होतं. सोबत युजीन आणि मर्विन. तिघं एका वर्गातले, चर्चमधला मिस्सा संपला रे संपला की देवळातले कपडे झाडावर टांगून पाण्यात. शेवाळाचा वास, जांभळानं निळ्या झालेल्या जिभा, आणि युजीनच्या आईची हाक, "अरे मेल्यांनो, पानवेल तुडवू नका!"

वाडी युजीनची. तो घराच्या पायरीवर बसला होता, गुडघ्याला पट्टा बांधून.

"आलीस?" तो म्हणाला. "चोर पकडायला की चोराला भेटायला?"

"चोर तू आहेस का?"

"मर्विन गावभर तेच सांगत फिरतोय. देवळाच्या आवारात मी बोललो होतो ना, त्या कंपनीचा एकेक खिळा उचकटून काढीन म्हणून. आता म्हणतो, काढला बघा."

"या गुडघ्यांनी?"

"तेच म्हटलं मी. मला संडासला जायला भिंत लागते, मी ट्रान्सफॉर्मर काखेत मारून नेला!"

क्लेमेंटीन हसली नाही. युजीननं बशीत सुकेळी पुढं केली. विकतची होती. राजेळी केळी उन्हात सुकवून सोनेरी सुकेळी करायची ती युजीनच्या घरानं, सगळी वसई मागायची. आज तोच युजीन दुकानातून आणून पाहुण्यांना देत होता, आणि दोघांनाही ते कळत होतं.

"सही का केलीस रे?"

"पोरं कॅनडात. बायको गेली. गुडघे गेले. मर्विन रोज यायचा, म्हणायचा, भाड्यानं दे, विकू नकोस, मी आहे ना. दिली. पण वकिलानं एक अट घालून घेतली. मार्च संपायच्या आत विजेची यंत्रणा जागेवर आली नाही तर वाडी मला परत. आली तर पुढची साठ वर्षं त्यांची, बावखलासकट."

"आणि आली की नाही हे कोण ठरवणार?"

"तो वरचा." युजीननं आभाळाकडं बोट केलं. "देव नव्हे. उपग्रह. मार्चच्या फोटोत चार दिसले म्हणजे अट पुरी झाली. नंतर चोरीला गेले, आगीत गेले, त्याचा माझा संबंध नाही म्हणतात. सोमवारी बावखलात भराव टाकणार आहेत. नोटीस आलीय."

तो दिवस गुरुवार होता.

३

मर्विन स्वतःच स्कूटर घेऊन आला. गावचाच माणूस, डेटा सेंटरच्या कंपनीनं जागेवर नेमलेला. बाकी कंपनी मुंबईला काचेच्या इमारतीत. गासला कोण येतंय धूळ खायला? पोट सुटलेलं, हसणं मात्र अजून शाळेतलंच.

"बस गो क्लेमेंटीनबाय. तुला पाहून बरं वाटलं. वाईट निमित्तानं का होईना."

वाटेत एका पत्र्याच्या गोदामासमोर दहा-बारा माणसं टेम्पोत बांबू चढवत होती. एक तरुण ओरडत होता, "अरे, साटीन वर ठेवा, वर! मळलं तर नवरीची आई मला मळेल!" मर्विननं हॉर्न वाजवला. तरुणानं हात केला.

"जेन्सन," मर्विन अभिमानानं म्हणाला. "मांडववाला. माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मीच धरला होता. या मोसमात त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही."

पुढं गल्ली वळली. वळणावर जुना क्रूस होता, चुन्याचा कठडा रस्त्यात हातभर पुढं आलेला, कठड्यावर शेवंतीची शिळी माळ. स्कूटर तिथं सावकाश घ्यावी लागली. क्लेमेंटीननं मान वळवून कठडा पाहिला. चुना जुना होता आणि कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"ट्रेलर याच रस्त्यानं आले?"

"दुसरा रस्ताच नाही. रात्री आले."

वाडीला चहूबाजूंनी दोन पुरुष उंच पत्रे ठोकलेले. आत काय आहे ते फक्त आभाळाला दिसावं, असे. आत शिरताच क्लेमेंटीनची नजर ओळखीचं काही शोधायला लागली. केळी नाहीत, वेल नाही, पाट नाही. खडी. एका कोपऱ्यात तेवढं बावखल, हिरवं, निमूट, त्याच्या काठाशी भरावाच्या मातीचा ढीग तयार.

राखणदार रामनाथ खुर्चीवरून उठला. वाळका, काळा, खाडीकडच्या मिठागरांवर उभी हयात गेलेला.

"ट्रान्सफॉर्मर कधी गेले रामनाथ?"

"मला काय ठावं म्याडम. ईस्टरच्या सोमवारी नि मंगळवारी साहेब म्हनाले, सुट्टी घे. बुधवारी आलो तं मैदान."

"आले तेव्हा?"

"तवाबी सुट्टीच होती."

"नशीबवान आहेस. जवळून पाहिलेस कधी?"

"नाय बा. साहेबांनी बजावलेलं, जवल जायाचं नाय, करंट हाय." त्यानं आवाज खाली आणला. "पन म्याडम, मला त्येंची भीतीच वाटायची. खाडीवरनं वारा सुटला ना, का ते फडफडायचे."

"काय करायचे?"

"फडफडायचे. कोंबडीवानी."

मर्विन मोठ्यानं हसला. "ताडपत्री घातली होती रे वरून! अडाणी कुठला."

"वीज जोडली होती का मर्विन?" क्लेमेंटीननं सहज विचारलं.

"छे, लाइनची मंजुरीच नाही अजून."

मग करंट आला कुठून? हे तिनं विचारलं नाही. ती खडीवरून चालत राहिली. घराएवढं लोखंड महिनाभर जिथं उभं होतं तिथली खडी तिनं बुटाच्या टाचेनं दाबली. टाच आत गेली. खडी भुसभुशीत होती, काल टाकल्यासारखी.

४

शुक्रवारी ती जेनिफरकडं गेली. मुलीच्या डोळ्यांखाली काळं, टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

"रविवारी लग्न आहे माझं, आंटी. आणि साहेब म्हणतात, कुणाकडून पैसे खाल्लेस? आधी रखडणार म्हणालीस, मग आले म्हणालीस, आता गेले म्हणतेस. लग्नानंतर नोकरी राहील असं वाटत नाही."

"खाल्लेस का?"

जेनिफरनं वर पाहिलं. असं तोंडावर तिला कुणी विचारलं नव्हतं. "नाही."

"बरं. आता फोटो दाखव. सगळे."

फोटो सरकत गेले. हिरवी वाडी, मग तांबडी, मग करडी. एक अख्खं आयुष्य बोटाच्या चार टिचक्यांत पुसलं गेलं. केळीची शेवटची रांग कुठल्या आठवड्यात गेली तेही त्यात दिसत होतं. क्लेमेंटीननं त्या फोटोवर जरा जास्त वेळ थांबायला सांगितलं. जेनिफरनं कारण विचारलं नाही.

"हे बघा, फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या आठवड्यात आले. चार. मार्चभर आहेत. आणि इथं, ईस्टर झाल्यावर नाहीत."

"त्याआधी कधी काही?"

जेनिफर घुटमळली. "डिसेंबरात दोन दिसले होते. महिन्याच्या सुरुवातीला आले आणि नाताळ झाल्यावर गेले. मी विचारलं तेव्हा कंपनीनं कळवलं, चाचणीसाठी परत पाठवले."

"नाताळ घरी करायला गेले असतील."

"आंटी, चेष्टा नका करू ना. मी मापं घेतली आहेत. सावली बरोबर पडली होती, उंची बरोबर, लांबी-रुंदी बरोबर. वरचे ते पांढरे खांब असतात ना, तेसुद्धा होते."

"हुशार आहेस. आता मला सांग, तुझ्या यंत्राला वरून उंची कळते, रंग कळतो. वजन कळतं?"

जेनिफरनं नकारार्थी मान हलवली.

"ट्रान्सफॉर्मर त्या क्रुसाच्या वळणावरून आत आलेच नाहीत," क्लेमेंटीन म्हणाली. "ट्रेलर वळला असता तर कठडा उरला नसता. खडी दबलेली नाही. वाऱ्यानं ते फडफडायचे. पोरी, तिथं कधीच काही नव्हतं."

"मग मी महिनाभर मोजलं ते काय?"

५

ते काय, हेच अडलं होतं. विमा कंपनीला ती नुसतं "नव्हतं" असं सांगू शकली असती, पण मग तिचा शब्द एकीकडं आणि उपग्रहाचे फोटो दुसरीकडं. दाव्याला जोडलेली खरेदीची बिलं एकवेळ खोटी म्हणतील, पण आभाळ खोटं बोलतं असं कोण मानेल? कुणा परराज्यातल्या व्यापाऱ्याची ती बिलं. त्याला फोन लावला तर नुसता वाजत राहायचा. आणि सोमवार तोंडावर.

शनिवारी दुपारी ती जेनिफरच्या घरी गेली. लग्नघर, रिकाम्या हातानं बसणं शोभत नाही, म्हणून आवारात बायकांच्या घोळक्यात कांदे चिरायला बसली. म्हाताऱ्या लग्नाची गाणी म्हणत होत्या, एकीला कडवं आठवेना, दुसरी तिला ढोसत होती. क्लेमेंटीनला वाटलं, गाणारी ही शेवटची पिढी. यांच्यानंतर स्पीकर.

जेनिफरची आई एमिली घाम पुसत होती, आणि बोलणं तर थांबतच नव्हतं.

"जावयाला दुबईहून मार्चात सुट्टी होती गो. मार्चात! पण उपवासकाळात लग्न कुठलं? फादर नाहीच म्हणाले. डिसेंबरात विचारलं तर आगमनकाळ. मग बिचाऱ्यानं सुट्टी बदलून घेतली, साहेबाच्या पाया पडला. आता ईस्टर झालं तर सगळ्यांनाच लग्नं करायची घाई. जेन्सनची तारीख मिळता मिळेना. तो पण म्हणतो कसा, 'आंटी, वर्षातून दोनदा माझं गोदाम भरलेलं असतं आणि पोट रिकामं. आगमनकाळात आणि उपवासकाळात.'"

क्लेमेंटीनची सुरी थांबली.

नाताळाआधीचा आगमनकाळ लागला तेव्हा, डिसेंबरच्या सुरुवातीला आले, नाताळ झाल्यावर गेले. उपवासकाळ लागला तेव्हा, राखेच्या बुधवारी आले, ईस्टर झाल्यावर गेले.

जगातली कुठलीही यंत्रं चर्चच्या पंचांगाप्रमाणं ये-जा करत नाहीत. करतात ते वसईतले मांडव.

"एमिली," ती डोळे पुसत म्हणाली. कांद्याचं निमित्त होतंच. "उद्याचा मांडव कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? जेन्सनचाच. तो काय, मागं बांधतायत."

६

मांडव दिसायला सुरेख होता. पुढून पांढरं साटीन, झुंबरं, गुलाबी फुलं. क्लेमेंटीन पुढून गेलीच नाही. ती मागं गेली, जिथं स्वयंपाक्यांसाठी आडोसा केला होता. आडोशाला प्लायवूडचे मोठाले तक्ते लावले होते आणि वरून कापड ताणलं होतं. सगळं राखाडी. एका तक्त्यावर रंगवलेले तेलाचे डबे अजून तारेनं बांधलेले होते, तीन, पांढरे, एकावर एक रचून खांब केल्यासारखे. त्यातल्या वरच्या डब्यावर आचाऱ्यानं मिठाची बरणी ठेवली होती.

तिनं जेनिफरला बोलावलं. मुलगी केसांत क्लिपा घेऊनच आली. तक्त्यांकडं बघत राहिली, मग बोटानं हवेत लांबी मापली, रुंदी मापली.

"देवा," ती म्हणाली. "माझ्या लग्नात पुऱ्या यांच्या मागं तळणार?"

जेन्सन शिडीवरून उतरला. त्याला काहीच कळेना. "ते? ते सेटचं सामान आंटी. कंपनीचं शूटिंग होतं ना वाडीत, जाहिरातीचं. डिसेंबरात दोन केले, तालीम म्हणून. मग उपवासकाळात चार. नाहीतरी माल पडूनच होता."

"भाडं किती घेतलंस?"

"भाडं?" तो दुखावला. "मर्विन अंकलकडनं? धर्मबाप आहे माझा! फक्त सांगितलं, ईस्टरला काढणार म्हणजे काढणार, माझी लग्नं ठरलेली आहेत. ते म्हणाले, मार्च संपेपर्यंत ठेव, मग ने."

"मार्च संपेपर्यंत," मागून आवाज आला. युजीन होता. काठी टेकत, शनिवारच्या जेवणाला आलेला. त्याच्यामागं अर्धं गाव. आणि सगळ्यांच्या मागं मर्विन, हातात नवरीसाठी आणलेलं पाकीट.

क्लेमेंटीननं आवाज चढवला नाही. "मर्विन, कंपनीनं हे केलं असतं तर मुंबईचा सेटवाला आणला असता, भाडं मोजलं असतं आणि मांडव वर्षभर उभा ठेवला असता. फुकटातला मांडवच लग्नसराईला घरी जातो. आणि जेन्सन फुकट कुणाला देईल? ज्यानं त्याला बाप्तिस्म्याला धरलं त्याला. मुंबईवाल्यांना आगमनकाळ कशाशी खातात तेही माहीत नाही. हे डोकं गावातलं आहे."

मर्विनचं शाळेतलं हसू कुठल्या कुठं गेलं. क्षणभर वाटलं तो नाही म्हणेल. तो नाही म्हणाला नाही.

"वरून सांगितलं होतं," तो म्हणाला. "फोटोत दिसलं पाहिजे, बस. कसं ते तुझं तू बघ. नाहीतर जमीनही गेली आणि तूही गेलास. पुढचे फोटो कुणी बघेल असं वाटलं नव्हतं. चोरी त्यांनीच सुचवली."

"आणि युजीन?"

"युजीन!" आता मर्विन उसळला. "कुणासाठी ठेवायचं ते डबकं? तुम्ही सगळे रडता, बावखल, रहाट, पानवेल! रहाटाचा रेडा हाकायला आहे का कुणी? याची पोरं येणार आहेत चिखलात उतरायला? हा गेला की तिकडनं फोनवर विकतील. मी निदान गावातल्या माणसाला भाडं तरी मिळवून देत होतो. तू स्वतः अंधेरीत फ्लॅट घेऊन राहिलीस क्लेमेंटीन, तू मला शिकवू नकोस."

लागलं. खरं होतं म्हणून लागलं. पण क्लेमेंटीन लागलेलं चेहऱ्यावर दाखवणाऱ्यातली नव्हती.

"विकतील," ती म्हणाली. "विकू दे. वाडी त्यांची आहे, ते विकतील नाहीतर तिच्यात शेवाळ वाढवतील. तू कोण त्यांच्या वतीनं ठरवणारा? चोर चोरी करतो ते समजतं मला. चोरीला समाजसेवा म्हटलं की मात्र डोकं फिरतं."

"बालपणीचे मित्र आपण," मर्विन हळू आवाजात म्हणाला.

"म्हणून तर. परक्यानं केलं असतं तर मी नुसता अहवाल लिहिला असता."

युजीन तक्त्याजवळ गेला, राखाडी प्लायवूडवर काठीनं टकटक केलं आणि पोकळ आवाज ऐकला.

"याच्यासाठी माझं तळं बुजवणार होते," तो म्हणाला, आणि मग एवढ्या मोठ्यानं हसला की म्हाताऱ्यांचं गाणं थांबलं.

७

जेन्सननं त्याच रात्री पोलिसांत जबाब दिला. वर म्हणाला, जेनिफरच्या मांडवाला हात लावाल तर बघा, पुरावा सोमवारी न्या. फौजदारानं मान्य केलं. त्यालाही पत्रिका होती. मर्विन लग्नाला आला नाही. सोमवारी भरावाचं यंत्र गल्लीच्या तोंडाशी आलं आणि क्रुसाच्या वळणावर बायका आडव्या बसलेल्या बघून परत फिरलं. कंपनीनं चोरीचा दावा मागं घेतला, मर्विनला काढलं आणि जाहीर केलं की आम्हाला काहीच माहीत नव्हतं. अशा लोकांना कधीच काही माहीत नसतं. मोठमोठे पगार त्याचसाठी असतात. मर्विनवर खटला आहे. त्याला सांगणाऱ्यांवर नाही. क्लेमेंटीननं त्यांची नावं लिहून दिली आहेत आणि दर आठवड्याला पोलीस ठाण्यात जाऊन विचारते, काय झालं? तिला पाहिलं की हवालदार चहा सांगतात.

वाडीची कागदपत्रं युजीनच्या हातात पडेपर्यंत मे उजाडला. पत्रे निघाले. रामनाथ राहिला, आता राखण कसली, तो खडी उपसायला लागला. "खडीपरीस मीठ बरं, म्याडम. मीठ निदान इरघलतं."

एका रविवारी जेनिफर नवऱ्याला घेऊन आली. नवरा दुबईला परतायचा होता, दोन दिवस उरले होते. क्लेमेंटीनही तिथंच होती. ती हल्ली रविवारी असते. युजीन खडीच्या मधोमध गुडघे पसरून बसला होता. कळंबच्या कुणा पाहुण्यानं राजेळी केळीचे मुनवे पाठवले होते, म्हणजे केळीची पिलं, ओल्या पोत्यात गुंडाळलेली.

"अंकल, एक विचारायचं होतं," जेनिफरनं फोन काढला. नोकरी टिकली होती, पगारही वाढला होता. "ही जागा अजून आमच्या यादीत आहे. बँकेला आठवड्याचा अंदाज द्यावाच लागतो. विलंब किती लिहू?"

"कशाला विलंब?"

"बांधकामाला."

युजीननं एक मुनवा खड्ड्यात उभा धरला, डोळा बारीक करून सरळ आहे का पाहिलं. "राजेळीचा घड हातात यायला वर्ष तरी लागतं. तोवर बुंध्याशी तिची पोरं आलेली असतात. मग त्या पोरांची पोरं. तू शिकलेली आहेस, तू मोज."

"आणि हे कोण बघणार, तुम्ही गेल्यावर?" नवऱ्यानं विचारलं. परका मुलगा, त्याला वाटलं ते त्यानं विचारलं.

बावखलात एक खंड्या सूर मारून वर आला, त्याच्या चोचीत काही नव्हतं.

"माहीत नाही बाबा," युजीन म्हणाला. "मुनवा पडतोय, जरा माती लोट."

जेनिफर अजून फोनकडं बघत होती. चौकटीत महिन्यांचा आकडा घातल्याशिवाय तो पुढं सरकेना. तिनं एकदा क्लेमेंटीनकडं पाहिलं, फोन तसाच पर्समध्ये टाकला, नव्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि नवऱ्याशेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती आत लोटायला लागली.